गेम पैसे देऊन घेतला, मग इन्स्टॉल मोजून का?

वाचकाचं पत्र

मी मुलुंडला राहतो, वय 42. 2008 मध्ये लॅमिंग्टन रोडवरून एक गेम पॅकबंद घेतला होता, बिल अजून जपून ठेवलंय. मधल्या वर्षांत त्या पीसीवर विंडोज तीनदा टाकलं, ग्राफिक्स कार्ड दोनदा बदललं. त्या जुन्या पीसीचा डबा माळ्यावर पडून आहे. आता मुलीसाठी नवा पीसी जुळवला, त्यात विंडोज 11 आहे. तोच गेम टाकला तर ‘ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली’ असा संदेश येतो. दुसरा गेम 2003 च्या सुमाराचा. आयकॉनवर क्लिक केलं की गोल फिरतं आणि सगळं गप्प. तिसरा गेल्याच महिन्यात स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेला. भाच्याने लिनक्स टाकून त्यात प्रोटॉनच्या (लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणाऱ्या साधनाच्या) चार-पाच आवृत्त्या बदलून बघितल्या आणि ‘चोवीस तासांत खूप कॉम्प्युटरवर वापर झाला’ म्हणून तोही बंद. भाचा म्हणतो, ‘मामा, संरक्षण तोडणारं क्रॅक टाकू, दोन मिनिटांचं काम आहे.’ दुकानदार म्हणतो, पहिल्या गेमचा वापरलेला बॉक्स चारशेला देतो. एकदा पैसे मोजलेल्या वस्तूसाठी मी परत का मोजू? ग्राहक मंचात जाता येईल का?
– स. ग., मुलुंड

उत्तर

स. ग., तुमचे तीन गेम तीन वेगवेगळ्या कारणांनी अडलेत, त्यामुळे एकच इलाज तिन्हींना लागू होणार नाही. पहिल्यात ॲक्टिव्हेशन, म्हणजे गेम चालवायला कंपनीकडून ऑनलाइन मिळणारी परवानगी, जितक्या वेळा मिळणार होती तेवढी वापरून संपली. दुसऱ्यात विंडोजने कॉपी रोखणाऱ्या संरक्षणाचा ड्रायव्हरच बंद करून टाकलाय, मर्यादेचा तिथे संबंध नाही. तिसऱ्यात काही बिघडलेलंच नाही, एक दिवस थांबायचंय. म्हणून अशी अडचण आली की आधी संदेशाचा फोटो काढायचा. संदेशात ‘ॲक्टिव्हेशन’ हा शब्द आणि आकडा असेल तर मर्यादा. ‘मूळ डिस्क घाला’ असेल तर डिस्कची तपासणी. सर्व्हरशी संपर्क होत नाही असं असेल तर सर्व्हर बंद झालेला असतो, किंवा तुमच्या पीसीचं घड्याळ चुकलेलं असतं. आणि काहीच न सांगता गेम मिटत असेल तर बहुधा विंडोजने हात आखडलाय.

पहिल्या गेमचं जरा सविस्तर सांगावं लागेल. साधारण 2007 ते 2012 या काळात बॉक्समधल्या गेमना ऑनलाइन ॲक्टिव्हेशन जोडलं जायचं. टेजेस आणि सोनी डीएडीसीचं सेक्युरॉम ही त्यातली ठळक नावं. गेम पहिल्यांदा सुरू झाला की तो मशीनचे काही भाग वाचतो, म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड, विंडोजची ओळख असं बरंच काही, आणि त्यातून एक ओळखखूण तयार करतो. ती खूण आणि मॅन्युअलच्या मागे छापलेली सिरियल की सर्व्हरकडे जाते. सर्व्हर वहीत एक आकडा कमी करतो आणि परवाना पाठवतो. तो परवाना तुमच्या हार्ड डिस्कवर राहतो. पुढे गेम प्रत्येक वेळी पाहतो की परवान्यातली खूण आणि समोरचं मशीन जुळतंय का. फॉरमॅट केलं की परवाना पुसला जातो, कार्ड बदललं की खूण बदलते. दोन्ही वेळा सर्व्हरला वाटतं की हा नवा कॉम्प्युटर आला. कोणत्या भागाला किती वजन द्यायचं ते कंपन्या कधीच उघड करत नाहीत, त्यामुळे ‘एवढं बदललं तर चालेल ना’ याला कोणी छातीठोक उत्तर देऊ शकत नाही. तुमची तीन विंडोज आणि दोन कार्डं धरली तर मर्यादा पाचाची असली तरी ती तिथेच संपते. नव्या पीसीची पाळी आलीच नाही.

हा त्रास काही तुमच्या एकट्याच्या वाट्याला आलेला नाही. ऑगस्ट 2007 मध्ये आलेल्या बायोशॉक या गेमला सुरुवातीला दोनच ॲक्टिव्हेशन होती. ओरड झाली, ती पाचावर नेली आणि जून 2008 मध्ये मर्यादाच काढून टाकली. सप्टेंबर 2008 मध्ये ईए या प्रकाशक कंपनीचा स्पोर हा गेम आला तो तीनच्या मर्यादेसह. लोकांनी ॲमेझॉनवर एकेक ताऱ्याचे हजारो अभिप्राय ओतले, खटले भरले, मग तीनाचे पाच झाले. जानेवारी 2012 मध्ये अॅनो 2070 या गेमवर ग्राफिक्स कार्डांची चाचणी घेणाऱ्या एका संकेतस्थळाला नुसतं कार्ड बदललं तरी ॲक्टिव्हेशन खर्ची पडतं असं आढळलं. बोंबाबोंब झाल्यावर त्याची प्रकाशक कंपनी युबीसॉफ्टने ग्राफिक्स कार्ड मोजणं बंद केलं. हा इतिहास तुमच्या कामाचा अशासाठी, की बरेच प्रकाशक नंतर नरमले. तुमच्या गेमची मर्यादा पुढच्या एखाद्या अधिकृत पॅचमध्ये (कंपनीने नंतर दिलेल्या दुरुस्तीत) वाढवली किंवा काढली असेल, आणि तुम्ही मात्र 2008 च्या डीव्हीडीवरचं पहिलंवहिलं रूप टाकून बसला असाल. म्हणून सर्वांत आधी प्रकाशकाच्या मदत पानावर शेवटचा पॅच आहे का ते बघा, तो टाका, मग गेम पुन्हा चालू करा. पॅच शोधताना पहिल्या दिसेल त्या दुव्यावर जाऊ नका. जुन्या पॅचच्या नावाखाली काहीही खपवणारी पानं भरपूर आहेत.

त्याने भागलं नाही तर माळ्यावरचा डबा उतरवा. या योजनांमध्ये वापरलेलं ॲक्टिव्हेशन परत करण्याची सोय होती. काही गेममध्ये अनइन्स्टॉल करताना तसा प्रश्न यायचा, काहींसाठी प्रकाशकाने वेगळं छोटं साधन दिलं होतं. ईएने 2009 मध्ये असं साधन काढलं, ते मशीनवरचे गेम शोधून एकेकाचं ॲक्टिव्हेशन सोडवायचं. मात्र परत करण्यासाठी तेच मशीन, तोच परवाना आणि चालू इंटरनेट तिन्ही लागतं. म्हणून जी फॉरमॅट आधीच होऊन गेली त्यांचे आकडे या मार्गाने परत येणार नाहीत. डब्यावर शेवटचं जे इन्स्टॉलेशन अजून शाबूत आहे, त्याचा एक आकडा मात्र सुटू शकतो, आणि नव्या पीसीसाठी तुम्हाला एकच हवाय.

डबा चालू करताना एक गोष्ट आधी करा. एवढी वर्षं पडून असलेल्या मदरबोर्डवरचा गोल सेल संपलेला असणार. सीआर2032 म्हणून मागा, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. प्लग काढून तो बदला, मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तारीख-वेळ बरोबर करा. घड्याळ 2009 दाखवत असेल तर सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेलं नाही’ असं ठरतं आणि सर्व्हर जिवंत असला तरी संपर्क होत नाही. लोक इथेच ‘कंपनी बुडाली’ म्हणून नाद सोडतात. गेम शेवटचा चालला तेव्हा जे ग्राफिक्स कार्ड होतं तेच बसवा. नेटवर्क कार्ड बायोसमध्ये बंद केलं असेल तर चालू करा. राउटरची वायर थेट लावा. गेम एकदा सुरू करून बघा. तो विनातक्रार उघडला तर परवाना शाबूत आहे, मग परत करण्याची क्रिया करा आणि ‘यशस्वी’ असा संदेश येईपर्यंत थांबा, त्याचाही फोटो काढा. काम झालं की वायर काढून टाका. अद्ययावत नसलेलं जुनं विंडोज इंटरनेटवर तासन्‌तास ठेवण्यात शहाणपण नाही. गेम उघडलाच नाही तर त्या डब्यात काही राम नाही. अर्धा दिवस त्यावर घालवू नका.

पुढचा मार्ग कीचा, आणि अनेकांना तो माहीतच नसतो. जुन्या बॉक्समधल्या काही सिरियल की आजच्या ऑनलाइन दुकानात चालतात. ईएचा गेम असेल तर ईए ॲपमध्ये कोड रिडीम करण्याची जागा आहे, स्टीममध्ये ‘गेम्स’ या मेन्यूत प्रॉडक्ट ॲक्टिव्हेट करण्याचा पर्याय आहे, ब्लिझार्ड कंपनीच्या जुन्या की बॅटलनेट या तिच्याच ऑनलाइन सेवेतल्या खात्याला जोडता येतात. सगळ्या चालत नाहीत, पण घालून बघायला पैसे पडत नाहीत. चालली तर डाउनलोड होणारी आवृत्ती बहुधा नवी असते, डिस्क लागत नाही आणि मालकी खात्यावरून ठरते. की टाइप करताना शून्य आणि इंग्रजी ओ, आठ आणि बी, सहा आणि जी यांची गल्लत हमखास होते. चिकटपट्टीवरची शाई मुंबईच्या दमटपणात फिकी पडलेली असेल तर मोबाइलच्या टॉर्चचा उजेड तिरका टाकून फोटो काढा आणि मोठा करून वाचा. सलग चुकीचे प्रयत्न झाले तर काही दुकानं थोड्या वेळासाठी अडवतात. आणि एकदा की खात्याला जोडली की ती त्या खात्याचीच, म्हणून स्वतःच्या कायमच्या खात्यात घाला, भाच्याच्या नको.

तेही जमलं नाही तर प्रकाशकाच्या ग्राहक मदतीला लिहा. त्यांच्या माणसाला ॲक्टिव्हेशनचा आकडा हाताने वाढवता येतो, आणि खरेदीचा पुरावा नीट असेल तर ते करतातही. पुरावा असा तयार करा: मॅन्युअलचं की छापलेलं पान, डिस्कची वरची बाजू आणि बिल एका फोटोत. आधी तक्रार नोंदवून तिकीट क्रमांक मिळवा, तो कागदावर पेनाने लिहा, कागद कीशेजारी ठेवा आणि मग फोटो घ्या. काही ठिकाणी क्रमांक थेट त्या पानावरच लिहायला सांगतात, कारण इंटरनेटवरून उचललेला दुसऱ्याचा फोटो त्यात लगेच पकडला जातो. पत्रात रामायण नको. गेमचं नाव, आवृत्ती, खरेदीचं साल, संदेशाचे नेमके शब्द, किती वेळा विंडोज टाकलं आणि कोणतं कार्ड बदललं, शेवटी ‘एक ॲक्टिव्हेशन वाढवून द्यावं’ अशी एकच मागणी. पहिलं उत्तर यंत्राने दिलेलं येतं, त्याला त्याच तिकिटात उत्तर द्या. नवं तिकीट काढलं की रांगेत परत शेवटी.

प्रकाशकच उरला नसेल तर? टीएचक्यू ही गेम कंपनी डिसेंबर 2012 मध्ये दिवाळखोरीत निघाली, 2013 मध्ये तिचे गेम वेगवेगळ्या हातांत गेले. अशा वेळी बॉक्सवरचं नाव नव्हे तर आजचा हक्कदार शोधावा लागतो. आणि कधी कधी कोणीच काही करू शकत नाही. डिस्नेचा ट्रॉन: इव्होल्यूशन 2010 चा. त्याचं सेक्युरॉम ॲक्टिव्हेशन 2019 च्या अखेरीस बंद पडलं आणि पैसे देऊन घेतलेल्यांनाही गेम उघडेना. बॉक्स जपून, बिल जपून, आणि तरी हाती शून्य. अशा बॉक्सची किंमत सर्व्हर चालू असेपर्यंतच असते, हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. पण वाटून काय होतंय.

म्हणूनच ‘परत पैसे का मोजू’ या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर थोडं व्यवहारी आहे. तत्त्व म्हणून मोजू नयेत. पण वर सांगितलेले सगळे मार्ग एका रविवारात संपले आणि गेम जीओजीवर मिळत असेल, तर सेलमध्ये तो घ्या आणि मोकळे व्हा. पोलंडच्या या दुकानाचा पायाच असा की गेमवर कॉपी संरक्षण नसतं. ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवायचा, हवा तितक्या वेळा टाकायचा, इंटरनेटही लागत नाही. जुने गेम विंडोज 10 आणि 11 वर चालतील असे दुरुस्त करून देतात, आणि तीस दिवसांत पैसे परत मिळू शकतात. तुमच्या मुलीला गेम खेळायचाय, सेक्युरॉमशी लढायचं नाही.

आता 2003 चा गेम. त्या काळात इन्स्टॉलची मर्यादा नव्हती, डिस्क खरी आहे का एवढंच तपासलं जायचं. मॅक्रोव्हिजन कंपनीचं सेफडिस्क हे संरक्षण डिस्कवर मुद्दाम असे भाग ठेवायचं, जे साध्या सीडी रायटरला हुबेहूब उतरवता येत नसत. ते वाचण्यासाठी विंडोजच्या गाभ्यात एक ड्रायव्हर बसायचा, त्याचं नाव सेकड्रव्ह. गाभ्यात बसलेल्या या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भगदाडं निघाली. विंडोज 10 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो घेतलाच नाही, आणि सप्टेंबर 2015 च्या केबी3086255 या अपडेटने विंडोज व्हिस्टा, 7, 8 आणि 8.1 वरही बंद केला. तुमच्या विंडोज 11 वर म्हणूनच गोल फिरतं आणि सगळं गप्प होतं. गेमला ड्रायव्हर हवाय आणि तो तिथे नाही. कम्पॅटिबिलिटी मोड बदलून, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून, डिस्क पुसून काहीही होणार नाही. इंटरनेटवरून सेकड्रव्हची फाइल आणून विंडोज 11 मध्ये कोंबण्याचे सल्ले मिळतील. ते करू नका. ज्या भगदाडासाठी तो काढला, तेच तुम्ही परत पाडणार.

इथे नीट चालणारे दोन उपाय आहेत. एक, शेवटचा अधिकृत पॅच. काही प्रकाशकांनी पुढे डिस्कची तपासणी स्वतःच काढून टाकली. ब्लिझार्डने 2008 मध्ये वॉरक्राफ्ट 3 आणि डायब्लो 2 चे पॅच असे काढले की सगळा गेम हार्ड डिस्कवर असेल तर सीडी लागत नाही. तुमच्या गेमचा शेवटचा पॅच कोणता आणि त्याच्या बदलांच्या यादीत डिस्कचा उल्लेख आहे का, ते वाचा. दुसरा, जुनाच डबा. त्यावर विंडोज एक्सपी असेल तर सेफडिस्क सरळ चालतं. विंडोज 7 असेल आणि ते अपडेट बसलेलं असेल, तर कमांड प्रॉम्प्टमधून सेकड्रव्ह ही सर्व्हिस खेळण्यापुरती चालू करून नंतर बंद करता येते. इंटरनेटची वायर मात्र काढलेली असू द्या. व्हर्च्युअल मशीनचा नाद मी टाळीन. त्यातला ड्राइव्ह खोटा आहे हे या संरक्षणाला बरेचदा कळतं, आणि मग तोच ‘मूळ डिस्क घाला’चा घोष. बाहेरून लावायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्हही कधी चालतो, कधी नाही.

स्टीमवरच्या गेमला हातच लावू नका. स्टीम स्वतः इन्स्टॉल मोजत नाही, शंभर वेळा काढा-टाका. तुमचा संदेश डेनुवोचा आहे. ऑस्ट्रियात जन्मलेलं हे संरक्षण 2014 पासून मोठ्या गेममध्ये दिसतं, आणि त्याची नेहमीची अट म्हणजे एका दिवसात पाच वेगळे पीसी. आता भाच्याने काय केलं बघा. लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणाऱ्या प्रोटॉनची प्रत्येक आवृत्ती डेनुवोला वेगळं मशीन वाटते. चार-पाच आवृत्त्या आणि मुळातलं विंडोज, झाले पाच. ही मर्यादा कायमची नसते. पहिल्या प्रयत्नाला चोवीस तास उलटले की जागा मोकळ्या व्हायला लागतात. लोक दर तासाला पुन्हा प्रयत्न करतात, वर गेम काढून परत शंभर जीबी उतरवतात, त्याचा शून्य उपयोग. एक दिवस गेम बंद ठेवा, मग एकाच मशीनवर, एकाच व्यवस्थेत उघडा. लिनक्सवरच खेळायचं असेल तर प्रोटॉनची एक आवृत्ती ठरवून गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये पक्की करा. डेनुवोची ही गफलत फक्त प्रोटॉनपुरती नाही बरं का. 2021 च्या अखेरीस इंटेलचे बाराव्या पिढीचे प्रोसेसर आले तेव्हा त्यातल्या लहान कोअरना ते दुसराच कॉम्प्युटर समजलं आणि पन्नासच्या आसपास गेम अडले. पुढे पॅच आले. तुमचा नवा पीसी त्या पिढीचा असेल आणि एखादा जुना डेनुवोवाला गेम मध्येच मिटत असेल, तर मदरबोर्डच्या बायोसमध्ये जुन्या गेमसाठीचा लेगसी मोड आहे का ते बघा.

भाच्यावरून आठवलं. मुलीला तुमचे गेम द्यायचे असतील तर खातं वाटून घेऊ नका, स्टीम फॅमिलीज वापरा. एका घरातल्या सहा जणांपर्यंत चालतं आणि मुलीला लहान मुलाचं खातं देता येतं. भाचा दुसऱ्या घरात राहत असेल तर त्याला त्यात घेणं नियमात बसत नाही. आणि घेतला, त्याने तुमच्या प्रतीवर ऑनलाइन चीटिंग केली, तर त्या गेममधून तुमच्यावरही बंदी येते. मामा असण्याची ही किंमत जरा जास्त होईल.

क्रॅकबद्दल. भाचा म्हणतो ते दोन मिनिटांचं काम खरंच दोन मिनिटांचं असतं, कारण त्या फाइलला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार द्यायचे, अँटिव्हायरस बंद करायचा आणि विश्वास ठेवायचा. ती फाइल गेम उघडते, शिवाय आणखी काय करते ते तुम्हाला कळायची सोय नाही. त्याच पीसीवर तुमचं नेटबँकिंग आणि मुलीचं शाळेचं खातं आहे. कायद्याचं सांगायचं तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये कायदेशीर धारकाला हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून प्रोग्रॅमची बॅकअप प्रत काढायला मुभा आहे. म्हणजे तुमच्या डीव्हीडीची प्रत काढून ठेवण्यात गैर काही नाही. पण 2012 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 65ए हक्कभंगाच्या हेतूने संरक्षण तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगतं, आणि कलम 63बी प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरण्याबद्दल आहे. स्वतःच्या गेमची डिस्क-तपासणी काढणं यात नेमकं कुठे बसतं, यावर वकील वाद घालू शकतील. स्टीमवरच्या नव्या गेमवर क्रॅक टाकण्याबद्दल वाद घालण्यासारखं काही नाही. एक दिवस थांबून जे फुकट सुटतं, त्यासाठी हे कशाला?

चारशेचा वापरलेला बॉक्स घेऊ नका. दुकानदार फसवतोय असं नाही, डिस्क खरीच असेल. पण तुम्ही विकत घेताय ती कीवरची शिल्लक, आणि आधीच्या मालकाने किती खर्च केली हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. की कुठल्या खात्याला जोडलेली असेल तर बॉक्समध्ये प्लॅस्टिक आणि कागद एवढंच उरतं. प्लेस्टेशनच्या वापरलेल्या डिस्कचं गणित वेगळं असतं, ते पीसीला लावू नका.

ग्राहक मंचाचं, म्हणजे आताच्या ग्राहक आयोगाचं. जुन्या दोन गेमसाठी मी तुम्हाला पाठवणार नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीसाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि 2008 च्या बॉक्सवर बारीक अक्षरांत ‘ऑनलाइन ॲक्टिव्हेशन आवश्यक’ असं छापलेलं तुम्हाला भिंगाखाली सापडेलच. विंडोजने काढलेल्या ड्रायव्हरसाठी गेमच्या प्रकाशकाला धरताही येणार नाही. पण पुढे कधी नवा गेम घेतलात, मर्यादा कुठेच सांगितली नव्हती आणि कंपनी दादही देत नसेल, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करा. तेवढ्यानेही पुष्कळदा कंपनी हलते. नाही हलली तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. वस्तूसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्क लागत नाही.

पण त्यापेक्षा सोपं म्हणजे घेतानाच पाहणं. स्टीमवर गेमच्या पानावर उजवीकडे खाली जा. बाहेरचं संरक्षण असेल तर तिथे वेगळ्या चौकटीत नाव आणि मर्यादा लिहिलेली असते, डेनुवो, दिवसात पाच पीसी, वेगळं खातं आवश्यक, असं. खरेदीच्या बटणाच्या घाईत ती चौकट कोणी वाचत नाही. घेऊन पस्तावलात तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात, म्हणून नवा गेम घेतल्यावर पहिल्या तासातच तो तुमच्या मशीनवर नीट उघडतो का ते पाहा, कथा नंतर. जीओजीवरून घेतलेत तर ऑफलाइन इन्स्टॉलर लगेच बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. मोठ्या गेमचा इन्स्टॉलर अनेक तुकड्यांत येतो. एक तुकडा राहिला तर बाकीचे निरुपयोगी, तेव्हा उतरवल्यावर तो एकदा खरोखर टाकून बघा आणि मगच डिस्क कपाटात ठेवा.

आणि मुलीच्या पीसीवर यापुढे विंडोज टाकायची किंवा कार्ड बदलायची वेळ आली, तर स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी मर्यादा असलेल्या गेमची ॲक्टिव्हेशन सोडवून घ्या. जुळणी करणाऱ्यालाही हे सांगून ठेवा, कारण ‘साहेब, एकदा फॉरमॅट मारून टाकतो’ हे त्यांचं पहिलं वाक्य असतं.